ड्रायव्हरला काय माहीत नसावं?

स्मार्टफोन दोन प्रकारे मरतो. एक तर तो हातातून पडतो, नाहीतर त्याला अपडेट्स यायचे थांबतात. दुसऱ्या प्रकारात फोनला काहीच झालेलं नसतं. स्क्रीन शाबूत असते, बॅटरी बदलून मिळते, कॅमेरा बरे फोटो काढतो. पण एके दिवशी बँकेचं ॲप सांगतं की तुमची अँड्रॉइडची आवृत्ती फार जुनी झाली. असं का होतं विचारलं, तर बहुतेक जण म्हणतात, कंपनीला नवा फोन विकायचा असतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण एका विशिष्ट प्रकारच्या लेखनात आहे, आणि ते लेखन वाईट असल्यामुळे आहे. ते म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर.

‘लेखन’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ड्रायव्हर हा शेवटी मजकूर असतो. कंपायलर तो वाचतोच, पण माणसांनाही तो पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, तेही लेखक ती नोकरी सोडून गेल्यावर कित्येक वर्षांनी. मग एखाद्या कादंबरीबद्दल आपण जे प्रश्न विचारतो, ते याबद्दलही विचारता यायला हवेत. यात काय सांगितलंय, काय गृहीत धरलंय, आणि काय सांगायलाच नको होतं? या लेखात मी दोन मजकुरांकडे असं बघणार आहे. पहिला म्हणजे ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ हे पुस्तक. दुसरा म्हणजे नेटबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड.

आधी ड्रायव्हर काय करतो ते बघू. प्रत्येक चिपमध्ये रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. अमुक कप्प्यात अमुक आकडा लिहिला की नेटवर्क कार्ड पॅकेट पाठवतं, तमुक कप्पा वाचला की पॅकेट गेलं की नाही ते कळतं. ही झाली उपकरणाबद्दलची माहिती. पण त्या कप्प्यापर्यंत पोहोचायचं कसं? तो मेमरीच्या कोणत्या पत्त्यावर आहे, प्रोसेसर तिथे कोणत्या सूचनेनं पोहोचतो, दोन लिहिण्यांचा क्रम बदलणार नाही याची खात्री कशी करायची? ही झाली यंत्राबद्दलची माहिती. चांगल्या ड्रायव्हरला पहिली माहिती पूर्ण असते आणि दुसरी जवळजवळ नसतेच. तोच ड्रायव्हर पीसीवर, एआरएमच्या बोर्डवर आणि उद्या येणाऱ्या एखाद्या नव्याच प्रोसेसरवर चालावा, तर त्याचं हे अज्ञान काळजीपूर्वक जपावं लागतं. पोर्टेबल ड्रायव्हर लिहिण्याची सगळी कला या अज्ञानात आहे, असं माझं मत आहे.

आता पुस्तकाकडे. ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची पहिली आवृत्ती अलेस्सांद्रो रुबिनी यांनी १९९८मध्ये लिहिली. तिसरी आवृत्ती २००५मध्ये आली. तिचे लेखक जोनाथन कॉर्बेट, रुबिनी आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन. ही आवृत्ती इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीरपणे वाचता येते. तिच्यातलं कर्नल २.६.१० कधीच इतिहासजमा झालं, तरी आजही ड्रायव्हर शिकणाऱ्याला कोणीतरी हेच पुस्तक सुचवतं. त्याला कारण आहे. भाषा स्वच्छ आहे, लेखक वाचकाला मूर्ख समजत नाहीत, आणि कर्नलच्या आत एकाच वेळी अनेक गोष्टी घडत असतात याची नेमकी भीती हे पुस्तक मनात घालतं. लॉकिंगवरचं प्रकरण वाचून झाल्यावर माणूस साधा काउंटर वाढवतानाही दोनदा विचार करतो.

पण या पुस्तकाच्या रचनेत एक गडबड आहे. त्यातला मुख्य उदाहरण-ड्रायव्हर ‘स्कल’ कोणतंही उपकरण चालवत नाही. तो मेमरीचा एक तुकडाच उपकरण म्हणून वापरतो. लेखकांचा हेतू चांगला होता: वाचकाकडे कोणतंही मशीन असो, उदाहरण चाललं पाहिजे. परिणाम मात्र उलटा झाला. पोर्टेबिलिटीचा प्रश्न जिथे उगवतो, ती उपकरण आणि यंत्र यांच्यामधली सीमाच उदाहरणातून गायब झाली. प्रत्यक्ष हार्डवेअरशी बोलणं नवव्या प्रकरणात येतं, डेटाचे आकार आणि बाइटचा क्रम अकराव्यात, डीएमए पंधराव्यात. एकूण प्रकरणं अठरा. म्हणजे ड्रायव्हर कसा लिहायचा ते आधी शिका आणि तो सगळीकडे कसा चालेल ते मग बघू, असा धडा वाचक नकळत घेतो. बहुतेक वाचक अकराव्या प्रकरणापर्यंत पोहोचण्याआधीच नोकरीला लागलेले असतात.

हे ‘मग बघू’ महागात पडतं, कारण पीसी फार क्षमाशील यंत्र आहे. तुमच्या बऱ्याच चुका तो खपवून घेतो.

बाइटच्या क्रमाचंच घ्या. चार बाइटची एखादी संख्या मेमरीत ठेवताना मोठा भाग आधी ठेवायचा की लहान? इंटेलचे प्रोसेसर लहान भाग आधी ठेवतात, मोटोरोलाचे ६८००० कुळातले प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवायचे. हा काय प्रकार आहे ते मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो आणि बोलताना ‘पंचवीस’ म्हणजे पाच आधी बोलतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विनोद झाले, विधानसभेतही चर्चा झाली. त्या वादात एक तांत्रिक मुद्दा होता आणि तो खराच होता. लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम वेगळा असेल, तर मधे कोणालातरी उलटापालट करावी लागते. आपल्याकडे ती सहा-सात वर्षांचं मूल करतं. ड्रायव्हरमध्ये ती कोण करणार हे लिहून ठेवावं लागतं. उपकरणाचा क्रम आणि प्रोसेसरचा क्रम योगायोगानं एकच असेल, तर ही उलटापालट लिहायची राहिली तरी काहीच बिघडत नाही. पीसीवर हा योगायोग बहुतेक वेळा जुळलेला असतो. म्हणून चूक दिसत नाही.

डीएमएचं प्रकरण याहून वाईट आहे. डीएमए म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता उपकरणानं थेट मेमरीत लिहिणं. पण प्रोसेसर मेमरीतल्या गोष्टींची एक नक्कल स्वतःजवळ कॅशेमध्ये ठेवतो. समजा, सोसायटीच्या ऑफिसातल्या वहीत तुमच्या प्लंबरचा नवा नंबर लिहिला गेला, पण तुम्ही मात्र स्वतःच्या डायरीतला जुनाच नंबर फिरवत बसलात. तसंच इथे होतं. उपकरणानं मेमरीत नवं पॅकेट टाकलं, तरी प्रोसेसर जुनी नक्कल वाचतो. पीसीमध्ये हार्डवेअरच ही डायरी ताजी ठेवतं. अनेक एआरएम आणि एमआयपीएस बोर्डांवर मात्र ते काम सॉफ्टवेअरला सांगून करून घ्यावं लागतं. सांगायचं राहिलं, तर पीसीवर वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला ड्रायव्हर तिथे हजारातून एखादं पॅकेट सडकं देतो. क्रॅश नाही, एररचा मेसेज नाही. असा बग शोधताना लोक महिनोन्महिने घालवतात.

नेटबीएसडी वाचायला घेतलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की इथे ‘मग बघू’ नाही. हा प्रकल्प १९९३मध्ये सुरू झाला आणि अनेक प्रकारच्या यंत्रांवर चालणं हे त्याचं ब्रीद बनलं. एनई२००० या जुन्या, स्वस्त आणि एके काळी घरोघरी असलेल्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बघा. तो एका फाइलमध्ये नाही. कार्डावरच्या डीपी८३९० या चिपबद्दलची माहिती एका फाइलमध्ये आहे. ती चिप एनई२००० कार्डावर कशी बसवलीय, ते दुसऱ्या फाइलमध्ये. मग जुन्या आयएसए स्लॉटमध्ये, पीसीआय स्लॉटमध्ये किंवा लॅपटॉपच्या पीसीएमसीआयए खाचेत ते कार्ड कसं सापडतं, यासाठी प्रत्येकी एक छोटी फाइल. अमिगा या घरगुती कॉम्प्युटरसाठी आणखी एक. अमिगाचा प्रोसेसर ६८००० कुळातला, म्हणजे बाइटचा क्रमही उलटा. तरी चिपबद्दलच्या फाइलला अमिगा नावाची काही चीज जगात आहे याचा पत्ताच नाही.

हे अज्ञान टिकवायला दोन इंटरफेस आहेत: बस-स्पेस आणि बस-डीएमए. बस-स्पेसमध्ये ड्रायव्हर म्हणतो, ‘या बसवरच्या माझ्या जागेतला चौथा कप्पा वाच.’ पीसीवर त्याचा अर्थ आय-ओ पोर्टची वेगळी सूचना असा होतो. ज्या प्रोसेसरवर अशी सूचनाच नाही, तिथे साधं मेमरी वाचणं होतं. अल्फाच्या सुरुवातीच्या प्रोसेसरांना एक सुटा बाइट वाचायची सूचनाही नव्हती. तिथे पत्त्यांची बरीच कसरत करावी लागायची. ड्रायव्हरच्या मजकुरात यातलं काहीच उमटत नाही.

बस-डीएमएची मांडणी जेसन थॉर्प यांनी १९९८च्या युसेनिक्स परिषदेतल्या निबंधात केली. मला तो निबंध म्हणूनही आवडतो, कारण तो उत्तरापासून सुरू होत नाही. वेगवेगळ्या यंत्रांमध्ये नेमकं काय काय वेगळं आहे याचा आधी धीरानं पाढा वाचतो. कुठे कॅशे आपोआप ताजी राहत नाही. आयएसए कार्डाला फक्त पहिल्या १६ एमबीपर्यंतची मेमरी दिसते, म्हणून डेटा आधी खाली कॉपी करावा लागतो. कुठे उपकरणाला दिसणारे पत्ते आणि खरे पत्ते यांच्यामध्ये भाषांतर करणारं हार्डवेअर असतं. हे सगळं बघून तो विचारतो, की यातलं ड्रायव्हरला काय कळायलाच हवं? उत्तर फार थोडकं निघतं. ड्रायव्हरनं इतकंच सांगायचं: ‘आता उपकरण या जागेत लिहिणार आहे’ आणि ‘उपकरणाचं लिहून झालं’. कॅशे पुसायची, कॉपी करायची की काहीच करायचं नाही, ते त्या त्या यंत्राचा कोड ठरवेल. पीसीवर यातलं पुष्कळसं काम जवळजवळ शून्य असतं. तरी ते वाक्य ड्रायव्हरमध्ये लिहावंच लागतं. ही कल्पना पुढे फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीनं उचलली. आज लिनक्समध्येही याच धर्तीचं डीएमए एपीआय आहे.

यातली वाक्यरचना महत्त्वाची आहे. वाईट ड्रायव्हर आज्ञा लिहितो: कॅशे पुस, या पत्त्यावर हा आकडा टाक, इतके मायक्रोसेकंद थांब. चांगला ड्रायव्हर घटना सांगतो: काय होणार आहे, काय झालं. आज्ञा एका यंत्रापुरती असते, घटना सगळीकडे तीच असते. माझ्या कामात एका चिप-कंपनीनं दिलेला ड्रायव्हर वाचायची वेळ आली होती. त्यात बोर्डाचे पत्ते आकड्यांत लिहिलेले होते, आणि एका विलंबाशेजारी फक्त ‘काढू नका’ अशी कॉमेंट होती. का काढू नका? ते त्या वाक्यात नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो माणूस आता त्या कंपनीतच नव्हता.

नेटबीएसडीची एवढी स्तुती केल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. तुमच्या लॅपटॉपवर नेटबीएसडी टाकून बघा. नव्या वायफाय चिपचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता बरीच आहे. देखण्या सीमारेषा आखून हात वाढत नाहीत. हार्डवेअर दरवर्षी बदलतं आणि ड्रायव्हर लिहिणारी माणसं मूठभर असतात. इथे लिनक्सनं वेगळा मार्ग घेतला. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा केली, तेव्हाच हे पोर्टेबल नाही असं सांगून टाकलं होतं. ते इंटेलच्या ३८६साठीच लिहिलेलं होतं. अल्फावर नेताना ते आतून बदलावं लागलं. पण लिनक्सचं खरं सामर्थ्य रचनेपेक्षा सहवासात आहे. ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य सोर्समध्ये द्या; मग आतला इंटरफेस बदलला, तर बदलणारा माणूसच तुमचाही ड्रायव्हर दुरुस्त करेल. कर्नलच्या आत कायमस्वरूपी इंटरफेस का ठेवणार नाही, यावर क्रोआ-हार्टमन यांचं एक टिपण कर्नलच्याच दस्तऐवजांत आहे. ते हाच सौदा मांडतं. एकत्र कुटुंबासारखं आहे हे. घरात राहिलात तर दुखणं-खुपणं सगळे बघतील. वेगळं बिऱ्हाड केलंत तर तुमचं तुम्ही बघा.

या सौद्याचं फळ दिसलं रिस्क-फाइव्हच्या वेळी. या खुल्या प्रोसेसर-रचनेचा आधार लिनक्स ४.१५मध्ये, म्हणजे २०१८च्या जानेवारीत आला. नेटवर्क, यूएसबी, डिस्क यांचे हजारो ड्रायव्हर तिच्यासाठी नव्यानं लिहावे लागले नाहीत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ किंवा सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर याच रचनेवरचे आहेत. या प्रोसेसरांच्या बातम्यांत देशाभिमान भरपूर असतो, आणि त्यात काही गैर नाही. पण ते प्रोसेसर उद्या कामाला लागतील, तेव्हा जगभरच्या अनोळखी लोकांनी वीस-पंचवीस वर्षं आपापल्या ड्रायव्हरमध्ये यंत्राबद्दल बोलायचं टाळलं, हेही त्याचं एक कारण असेल. तसं म्हणणारी बातमी मी अजून वाचलेली नाही.

आता परत फोनकडे. फोनमधला कर्नल लिनक्सच असतो, पण चिप-कंपन्यांचे ड्रायव्हर पुष्कळदा मुख्य सोर्समध्ये गेलेले नसतात. शिवाय ते थॉर्प यांच्या शिस्तीनं लिहिलेलेही नसतात. म्हणजे नेटबीएसडीची रचना नाही आणि लिनक्सचा सहवासही नाही. कर्नलच्या एका विशिष्ट आवृत्तीची एक प्रत घ्यायची, तिच्यात हजारो बदल करायचे, फोन बाजारात आणायचा आणि पुढच्या चिपकडे वळायचं. दोन-तीन वर्षांनी नव्या अँड्रॉइडला नवा कर्नल लागला, की जुने ड्रायव्हर त्यात बसत नाहीत. ते बसवायला पैसे लागतात, आणि विकून झालेल्या फोनवर पैसे खर्च करायला कोणी तयार नसतं.

गूगलला हे दिसत होतं. २०१७मध्ये अँड्रॉइड ८बरोबर आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलनं अँड्रॉइड आणि चिप-कंपनीचा कोड यांच्यामध्ये भिंत घातली. पुढे अँड्रॉइड १२पासून, ५.१० कर्नल घेऊन येणाऱ्या नव्या फोनना सामाईक कर्नल बंधनकारक झाला. चिप-कंपनीचे ड्रायव्हर त्याला बाहेरून जोडायचे. ही सुधारणा मोठी आहे, अपडेट्स त्यामुळे सोपे झाले. तरी माझा आक्षेप राहतोच. जोडणीचा हा इंटरफेस स्थिर असतो तो कर्नलच्या त्या एका शाखेपुरता. पुढच्या शाखेवर जायचं तर ड्रायव्हर पुन्हा हातात घ्यावे लागतात. वाईट मजकूर बरा करण्याऐवजी त्याच्याभोवती चांगलं कुंपण घातलंय. कुंपणाच्या आत तो तसाच म्हातारा होतो.

हे अपरिहार्य होतं का? नाही. २०१५मध्ये अँड्रॉइड ५वर आलेल्या फेअरफोन २ला त्याच्या छोट्या कंपनीनं अँड्रॉइड १०पर्यंत नेलं आणि २०२३पर्यंत सांभाळलं. चिप-कंपनीनं मधेच हात काढून घेतल्यावरही. त्यासाठी फार कष्ट पडले, आणि ते कष्ट पडावे लागले हीच माझी तक्रार आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं वाचवलेला एक आठवडा कुठेतरी भरून काढावा लागतो. कधी तो दुसऱ्या देशातला एखादा इंजिनीअर सहा महिने घालून भरतो. बहुतेकदा तो ग्राहक भरतो, नवा फोन घेऊन.

म्हणून मला ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’बद्दल एवढं बोलावंसं वाटलं. ते पुस्तक वाईट नाही. पण त्यात ड्रायव्हर चालला की गोष्ट संपते. आपला कोड कर्नलच्या घरात नेण्याविषयी पहिल्या प्रकरणात एक छोटा भाग आहे, आणि पुढची सगळी उदाहरणं मात्र घराबाहेरच बांधली जातात. एका पिढीनं बाहेर मॉड्यूल बनवायचं, लोड करायचं आणि ‘हॅलो वर्ल्ड’ दिसलं की खूश व्हायचं, हे मनापासून शिकून घेतलं. आपल्याकडचे एम्बेडेडचे कोर्सही याच वळणाचे आहेत.

मी अभ्यासक्रम लावला असता तर स्कल बाजूला ठेवून नेटबीएसडीच्या एनई२०००च्या फाइल्सपासून सुरुवात केली असती. कार्ड आता भंगारात मिळेल, त्यानं काही बिघडत नाही. विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारायचा: चिपच्या फाइलमध्ये अशी एक तरी ओळ दाखवा जिच्यावरून हे कोणतं यंत्र आहे ते कळेल. ती शोधताना दोन तास जातील. त्या दोन तासांत, आपल्याला माहीत असलेलं सगळंच लिहायचं नसतं, हे जेवढं कळेल तेवढं अठरा प्रकरणांत कळत नाही.